गोठ्यानंतरची तीस वर्षे

मार्कच्या शुभवर्तमानात नाताळ नाही. तारा नाही, मेंढपाळ नाहीत, गव्हाण नाही. पहिल्याच अध्यायात येशू यार्देन नदीच्या काठावर येऊन उभा राहतो, तोही चांगला कर्ता पुरुष म्हणून. योहान उलट टोकाला जातो. सृष्टीच्याही आधीपासून तो सुरुवात करतो आणि देवाचा अनादी शब्द माणूस झाला एवढे सांगून पुढे सरकतो. उरले मत्तय आणि लूक. आपल्या नाताळचा सगळा सरंजाम या दोघांनी पुरवलेला आहे. तारा, पूर्वेकडचे ज्ञानी आणि हेरोद राजा मत्तयाकडून आले. खानेसुमारी, मेंढपाळ आणि गव्हाण लूककडून. बैल आणि गाढव मात्र दोघांकडेही नाहीत. यशया संदेष्ट्याच्या एका वचनाचा धागा धरून ते मागाहून गोठ्यात शिरले, आणि आता त्यांना बाहेर काढायची कुणाची छाती होणार नाही. वसईत किंवा गोव्यात बैलाशिवायचा गोठा करून बघा, शेजारची पोरेच जाब विचारतील.

या दोघांची जन्मकथा संपते तिथून पुढचे काय? लूक सांगतो की येशूने आपले कार्य सुरू केले तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. योहानाच्या शुभवर्तमानात आलेले वल्हांडण सण मोजले तर ते कार्य दोन-तीन वर्षांचे भरते. म्हणजे जवळजवळ सगळे आयुष्य नाझरेथ नावाच्या खेड्यात गेले आणि त्याबद्दल चौघे शुभवर्तमानकार मिळून एकच प्रसंग सांगतात. बारा वर्षांचा मुलगा यरुशलेमच्या मंदिरात मागे राहिला, आईबाप तीन दिवस शोधत फिरले, सापडल्यावर तो त्यांच्याबरोबर घरी गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. एवढेच. चर्चच्या पंचांगालाही या वर्षांचे वावडे असावे. प्रभुप्रकटीकरणाच्या सणाला ज्ञानी लोक बाळापुढे लोटांगण घालतात आणि कॅथलिक चर्चमध्ये साधारणतः पुढच्याच रविवारी ते बाळ तिशीचे होऊन बाप्तिस्म्याला उभे राहते. उपासनेत म्हटला जाणारा विश्वासांगीकारही मारियेच्या उदरातून निघतो तो मध्ये कुठे न थांबता पिलाताच्या दरबारात पोचतो.

नाताळचे चिंतन म्हणून मला ही गाळलेली तीस वर्षेच महत्त्वाची वाटतात. देव माणूस झाला हे ख्रिस्ती श्रद्धेचे म्हणणे खरे असेल, तर ते त्या एका रात्रीत सिद्ध होत नाही. जन्माला तर कुणीही येते. दिवसामागून दिवस, कुणाचे लक्ष नसताना, माणूस म्हणून जगणे हे खरे देहधारण.

ही शांतता पहिल्यापासूनच लोकांना सोसली नाही. दुसऱ्या शतकात बाळ येशूच्या लीला सांगणारी एक पोथी तयार झाली, थोमाच्या नावावर. तिच्यातला पाच वर्षांचा येशू शब्बाथाच्या दिवशी ओल्या मातीच्या बारा चिमण्या करतो आणि टाळी वाजवताच त्या उडून जातात. ही गोष्ट इतकी आवडती झाली की मातीच्या पाखराचा उल्लेख पुढे कुराणातही आला. पण त्याच पोथीत खांद्याला धक्का लागला म्हणून येशू एका पोराला जागच्या जागी मारून टाकतो, अक्षरे शिकवू पाहणाऱ्या पंतोजीला शाप देतो, आणि योसेफाने चुकून आखूड कापलेली फळी ओढून लांब करून देतो. चर्चने ही पोथी पवित्र शास्त्रात घेतली नाही. कारणे बरीच असतील, पण निवाडा अचूक होता. ज्याला फळी ओढून लांब करता येते, त्याला सुतारकाम शिकावे लागत नाही. आणि ज्याला काहीच शिकावे लागत नाही तो आपल्यातला नव्हे.

मराठी वाचकाला इथे बाळकृष्ण आठवणारच. बंदिखाना, मध्यरात्र, पोरांच्या जिवावर उठलेला राजा, गुरांच्या सहवासातले बालपण. दोन्ही कथा शेजारी ठेवल्या तर डोळे विस्फारावेत इतक्या सारख्या. मात्र पुढे वाटा फुटतात. यशोदेला बाळाच्या मुखात विश्व दिसते आणि कंसाचा हिशेब कृष्ण स्वतःच्या हाताने चुकता करतो. मारियेला असे काही दिसत नाही. मंदिरातला मुलगा काय बोलला तेही तिला कळले नाही, असे लूक मोकळेपणी लिहितो. हेरोदाला मारायला कुणी येत नाही. आईबाप बाळाला घेऊन मिसरात पळून जातात आणि राजा मेल्याची बातमी येईपर्यंत परक्या मुलखात दिवस काढतात. गोकुळातला देव खेळतानाही देव आहे हे आपल्याला ठाऊक असते, आणि तोच त्या कथेचा आनंद आहे. नाझरेथचा मुलगा खेळताना फक्त मूल आहे.

त्याहून जवळची आठवण पैठणची. एकनाथांच्या घरी श्रीखंड्या नावाचा गडी बारा वर्षे कावडीने पाणी वाहत होता आणि तो प्रत्यक्ष भगवंत होता, ही कथा महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. नाथांच्या वाड्यातला रांजण आजही दाखवतात. जनाबाईबरोबर दळायला बसणारा विठ्ठलही त्याच घराण्यातला. देवाने घरकाम करावे, घाम गाळावा, हे या मातीला नवे नाही. कवी ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत, त्यामागे ही ओळख असणार. तरी श्रीखंड्या ओळख पटताच अंतर्धान पावतो. त्याला ती सोय होती. ख्रिस्ती श्रद्धा सांगते की देवाने स्वतःपुरती अशी एकही वाट मोकळी ठेवली नाही. हा देह सोंगाचा नव्हता, भूक खरी होती, आणि निघून जायचे तर आपण सगळे जातो त्याच दाराने, मरणाच्या दाराने.

हे एवढे सरळ मान्य झाले असे समजू नका. पहिल्या काही शतकांत ख्रिस्ताच्या देवपणावर जितके भांडण झाले तितकेच त्याच्या माणूसपणावरही झाले. तो माणसासारखा नुसता दिसत होता, असे म्हणणारा पंथ अगदी सुरुवातीलाच निघाला. देवाला घाम, रक्त आणि सुईण लागली हे त्यांना किळसवाणे वाटे. ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेत प्रश्न दुसऱ्या बाजूने आला. आरियस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या धर्मगुरूचे म्हणणे होते की पुत्र थोर खरा, पण निर्माण केलेला, पित्याच्या बरोबरीचा नव्हे. सभेने ते नाकारले. देवाने कुणा दुय्यम कारभाऱ्याला खाली धाडले आणि आपण वरच बसून राहिला, असे तिला मान्य नव्हते. त्या सभेला २०२५ मध्ये १७०० वर्षे झाली.

मला मात्र अपोलिनारिसचे प्रकरण जास्त बोलके वाटते. हा लाओदिकियाचा बिशप, नायसियाच्या बाजूचा, विद्वान आणि भक्तही. त्याने सुचवले की ख्रिस्ताला शरीर आपले होते, पण आत मानवी मनाच्या जागी देवाचा शब्दच होता. ऐकायला हे किती सोयीचे आहे! मन देवाचे असले की अडाणीपण नाही, गोंधळ नाही, पाढे पाठ करणे नाही. ३८१ च्या कॉन्स्टँटिनोपलच्या सभेने तेही फेटाळले. नाझियान्झसच्या ग्रेगरीचा युक्तिवाद असा होता की आपल्यातले जे जे ख्रिस्ताने स्वतःवर घेतले तेच बरे होणार. जे घेतले नाही ते तसेच दुखणाईत राहिले. आणि माणसाचे सगळ्यांत दुखणाईत काही असेल तर ते मन. म्हणून नाझरेथच्या मुलाला खरेखुरे, शिकावे लागणारे मन होते. तो ज्ञानाने वाढला असे लूक लिहितो. आधीपासून सगळे येणाऱ्याला वाढता येत नाही.

काय काय शिकला असेल? भाषा, सर्वांत आधी. आईच्या तोंडून अरामी, तीही गालीलच्या हेलाची. यरुशलेममध्ये पेत्र पकडला जाता जाता वाचला त्या रात्री त्याच्या बोलण्यावरूनच लोकांनी त्याला गालीलचा म्हणून ओळखले होते. तीच बोली येशूची. राजधानीतल्या शहाण्यांना ती गावंढळ वाटत असणार. म्हणजे डोंगरावरचे प्रवचन खेडवळ हेलात झाले, आणि आपण ते प्रमाण मराठीत छापतो.

नाझरेथ गावही तसेच. जुन्या करारात त्याचे नाव नाही. योसेफस या ज्यू इतिहासकाराने गालीलची कितीतरी गावे नोंदवली, त्यांत हे नाही. तिथून काही बरे निघेल का, असा टोला नथनेल शिष्य होण्याआधी मारतो. घरची स्थिती लूक एका वाक्यात सांगून टाकतो, फक्त ते वाक्य ओळखता यायला हवे. बाळंतपणानंतरच्या शुद्धीसाठी मोशेच्या नियमशास्त्रात कोकरू अर्पण करायला सांगितले आहे. ऐपत नसेल तर कबुतरांची किंवा पारव्यांची जोडी चालते. मारिया आणि योसेफ पाखरेच अर्पण करतात.

मग धंदा. मार्कच्या सहाव्या अध्यायात गाववाले चिडून म्हणतात की हा तर सुतार, याची आई आम्हांला माहीत, भाऊ-बहिणी इथेच आहेत, हा कोण आम्हांला शिकवणारा! बलुतेदारीचे गाव ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा सूर चांगला परिचयाचा असेल. नंतर मत्तयाने तोच प्रसंग लिहिला तेव्हा ‘सुतार’चे ‘सुताराचा मुलगा’ झाले. जरासा फरक, पण रंधा हातातून काढून बापाच्या हाती दिलाच. दुसऱ्या शतकात सेल्सस नावाच्या टीकाकाराने सुतार देवाची टर उडवली. त्याला उत्तर देताना ओरिजेनसारखा प्रचंड वाचनाचा पंडित लिहून बसला की चर्चने मान्य केलेल्या शुभवर्तमानांत येशूला कुठेही सुतार म्हटलेले नाही! मार्क त्याच्यासमोर नसेल असे कसे म्हणावे? त्याच्या हातातल्या प्रतीत कदाचित पाठभेद असेल. पण पाठभेद तरी का तयार झाला असेल? रोमी जगात हातांनी काम करणे हे मोकळ्या, प्रतिष्ठित माणसाला न शोभणारे मानले जाई. सिसेरोने कारखान्यातल्या कामाबद्दल तसे स्पष्ट लिहून ठेवले आहे. भक्तांनाही देवाच्या हातावरचे घट्टे लपवावेसे वाटले.

एक माणूस लाजला नाही. जस्टिन, जो पुढे हुतात्मा झाला, शोमरोनातला, म्हणजे गालीलच्या शेजारच्या प्रांतातला. दुसऱ्या शतकाच्या मध्यात तो लिहितो की येशू नांगर आणि जू बनवत असे. ही आठवण त्याच्यापर्यंत कशी आली हे तो सांगत नाही. पण ज्याने बैलांची जुवे घडवली त्यानेच पुढे माझे जू सोयीचे आहे असे म्हणावे, हे जुळून येते खरे. मानेला कुठे घासते ते त्याला धंद्यातून माहीत होते.

आता अवघड भाग. ही तीस वर्षे गालीलात शांततेची नव्हती. हेरोद ख्रिस्तपूर्व ४ मध्ये मेला असे बहुतेक इतिहासकार मानतात. (म्हणजे ख्रिस्त ख्रिस्तपूर्व जन्मला; सहाव्या शतकात डायोनिसियस नावाच्या मठवासीयाने सन मोजताना गफलत केली आणि आपण सगळे तिच्यावर वाढदिवस साजरे करतो.) हेरोद मरताच बंडे झाली. नाझरेथपासून सहाएक किलोमीटरवरचे सेफोरिस शहर रोमी सुभेदार वारुसच्या फौजेने जाळले आणि तिथल्या लोकांना गुलाम केले. यरुशलेमच्या बाजूला दोन हजार माणसे क्रुसावर चढवली. हे योसेफसने लिहिलेले आहे. पुढे इसवी सन ६ मध्ये खानेसुमारीवरून यहूदा गालीलकराने उठाव केला. सेफोरिस नंतर हेरोदाच्या मुलाने, हेरोद अंतिपाने, नव्याने बांधले. नाझरेथच्या कारागिरांना तिथे काम मिळत असावे असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. म्हणजे त्याच जळक्या मातीवर नवे वाडे उठत असताना देवपुत्र तिथे रोजंदारीवर असण्याची शक्यता आहे. गालीलात कुष्ठरोगी होते, आंधळे होते, जप्तीचे कर्जदार होते. त्यांपैकी कुणाला त्या तीस वर्षांत त्याने बरे केल्याची नोंद नाही.

हे मला सहज पचत नाही. सामर्थ्य हाताशी असताना माणूस इतका काळ गप्प का राहतो? ‘वेळ आली नव्हती’ हे उत्तर प्रवचनात ठीक, पण त्या मधल्या वर्षांत जो मेला त्याला काय सांगायचे? मला एवढेच दिसते की देवाने दुरुस्तीचे काम आधी हाती घेतले नाही. ज्या छपराखाली माणसे राहतात त्या छपराखाली तो आधी राहिला, जो कर ती भरतात तो त्याने भरला, ज्या मयतांना ती जातात तिथे तो गेला. योसेफ पुढच्या कथेत कुठे दिसत नाही. तो दरम्यान वारला असावा असा परंपरेचा समज आहे. ते खरे असेल तर येशूने बापाला मूठमाती दिली आणि दुसऱ्या दिवशी धंदा उघडला. चार दिवस मरून पडलेल्या लाजराला उठवणाऱ्याने बापाला उठवले नाही.

या नाझरेथने झपाटलेला एक माणूस आपल्या जवळच्या काळात होऊन गेला. शार्ल द फुको, १८५८ साली स्ट्रासबुर्गमध्ये जन्मलेला, फ्रेंच सैन्यातला उधळ्या अधिकारी, मोरोक्कोचा धाडसी प्रवासी. श्रद्धा परत आली तेव्हा तो कडक शिस्तीच्या मठात गेला, आणि तीही त्याला पुरेशी गरिबी वाटेना. १८९७ ते १९०० ही वर्षे त्याने खुद्द नाझरेथमध्ये जोगिणींच्या मठात गडी म्हणून काढली. पुढे धर्मगुरू होऊन तो सहारात गेला, तामनरासेतला तुआरेग लोकांत राहिला. तिथे त्याने काय केले? शेजारी म्हणून राहिला. त्यांची गाणी आणि म्हणी उतरवून घेतल्या, शब्द टिपले. त्याचा तुआरेग-फ्रेंच शब्दकोश मृत्यूनंतर चार खंडांत छापला गेला. धर्मांतरे म्हणाल तर दाखवण्याजोगी नाहीत. हयातीत एकही साथीदार त्याच्याजवळ टिकला नाही. १ डिसेंबर १९१६ रोजी हल्लेखोरांनी त्याला गोळी घातली. २०२२ मध्ये चर्चने त्याला संत म्हणून घोषित केले. तो फ्रेंच साम्राज्याचाच माणूस होता, लष्करी ठाण्यांशी त्याचे जाणेयेणे होते, हेही सांगायला हवे.

तसाच पेच आपल्या फादर स्टीफन्सचा. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि परत गेला नाही. १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, ओवी छंदात, ज्ञानेश्वरीच्या घाटात. त्याच्या आयुष्याचा बराच काळ सासष्टीत गेला, जिथे तो येण्याच्या आधी पोर्तुगीजांनी देवळे पाडली होती. एका हाताने सत्ता मूर्ती फोडत होती आणि दुसरीकडे हा माणूस आईच्या मांडीवरच्या पोरासारखा परक्यांची बोली शिकत होता. गोठ्यातला देव या दोन्हींपैकी कुणाच्या बाजूला होता, याचे उत्तर मला तरी ‘ख्रिस्तपुराणा’त दिसते.

आपल्या आयुष्याचाही बहुतेक भाग नाझरेथमध्येच जातो. डबे भरणे, गाडी पकडणे, म्हाताऱ्या माणसांची औषधे, हप्ते, दुरुस्त्या. नाताळच्या प्रवचनांत याला मधला वेळ समजतात, दोन सणांमधला. देहधारणाचा सिद्धांत खरा असेल तर देवाने पृथ्वीवरचा आपला बहुतेक वेळ नेमका याच कामांवर खर्च केला, आणि त्यातले काही लिहून ठेवण्याचीही गरज त्याला वाटली नाही.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात ५२ वचने आहेत. नाताळच्या उपासनेत बहुधा विसाव्या वचनावर, मेंढपाळ परत गेले की, वाचन संपते. उरलेली बत्तीस या आठवड्यात घरी वाचून काढा. पाखरांची जोडी, म्हातारा शिमोन, चौऱ्याऐंशीची हन्ना, हरवलेला मुलगा आणि नाझरेथचा परतीचा रस्ता, सगळे त्यांतच आहे.